मुंबईत जुनी कार्बन रोड बाइक घेताना आणि चालवताना

जुनी कार्बनची सायकल घ्यायची म्हटलं की घरचे, मित्र, ऑफिसातले, सगळे एकच विचारतात: "चालवताना मध्येच तुटली तर?" प्रश्न रास्त आहे, पण मुंबईत तो अपुरा पडतो. कार्बन फायबर गंजत नाही, आणि नीट वापरलेली फ्रेम केवळ दहा-बारा वर्षांची झाली म्हणून कमकुवत होत नाही. गंजतात ते तिच्यात बसवलेले धातूचे भाग. आपली हवा खारी आणि दमट, घाम बारा महिने, त्यात चार महिने पाऊस. म्हणून इथे जुनी कार्बन सायकल बघताना निम्मं लक्ष कार्बनवर आणि निम्मं लक्ष कार्बन आणि धातू जिथे एकमेकांना चिकटतात त्या जागांवर हवं. बाहेरच्या देशांतल्या लोकांचे सल्ले वाचून सायकल घ्यायला निघालेल्यांचं नेमकं हे दुसरं निम्मं राहून जातं.

त्यामागचं कारण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. कार्बनचे बारीक धागे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून, थरावर थर देऊन फ्रेम बनते. धाग्यांच्या दिशेने ताण आला तर ती पोलादाला मागे टाकते. पण बाजूने टोकदार फटका बसला किंवा नळी आवळली गेली, तर आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनचा मार कधी कधी रंगाखाली लपून राहतो.

दुसरी गोष्ट, कार्बन वीजवाहक आहे. कार्बनला ॲल्युमिनियम टेकलेलं असेल आणि मध्ये खारं पाणी किंवा घाम शिरला, तर तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेममध्ये असा घट्ट बसतो की दोन माणसांनी ओढला तरी हलत नाही.

आधी माप

स्वस्तात चांगली सायकल दिसली की माप विसरलं जातं. तसं करू नका. साधारण साडेपाच फूट ते पाच फूट आठ इंच उंचीला बहुतेक कंपन्यांची ५२ ते ५४ मापाची फ्रेम बसते, पण हा फक्त अंदाज आहे. प्रत्येक कंपनीचं ५४ वेगळं असतं. मॉडेल आणि साल कळलं की त्याचा जॉमेट्री तक्ता इंटरनेटवर शोधा आणि स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा. स्टॅक म्हणजे हँडलची बाजू किती उंच, रीच म्हणजे ती किती लांब. मित्राची सायकल तुम्हाला सोयीची वाटत असेल तर तिचे आकडे समोर ठेवून तुलना करा. फ्रेम किंचित लहान असेल तर स्टेम (हँडल धरणारा पुढचा भाग) बदलून भागतं. मोठी फ्रेम मात्र कशानेच लहान होत नाही.

नवख्या माणसाने मुंबईसाठी शर्यतीच्या ठेवणीपेक्षा लांब पल्ल्याच्या ठेवणीची फ्रेम घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जायंटची टीसीआर न घेता डिफाय, स्पेशलाइज्डची टारमॅक न घेता रूबे, ट्रेकची मडोन न घेता डोमानी, कॅननडेलची सुपरसिक्स न घेता सिनॅप्स. या फ्रेमवर पाठ कमी वाकते आणि बऱ्याचदा जरा रुंद टायर बसतो. जुन्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर घासणाऱ्या ब्रेकच्या) शर्यती सायकलींत २५ मिलिमीटरच्या वरचा टायर अनेकदा बसतच नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या सगळ्यात अरुंद जागेतून ४ मिलिमीटरची ॲलन की मोकळी गेली पाहिजे. जात नसेल तर त्यापेक्षा मोठा टायर लावायचा विचार सोडा.

काही महागड्या जुन्या फ्रेममध्ये सीटपोस्ट वेगळा नसतो, फ्रेमचीच नळी वर सीटपर्यंत गेलेली असते. ती पहिल्या मालकाच्या पायाच्या मापाने कापलेली असते. तुम्ही त्याच्यापेक्षा उंच असाल तर ती सायकल कितीही देखणी असली तरी तुमची नाही.

वय कसं ओळखायचं

विकणारा "२०१८ची आहे" म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा विकत घेतल्याचं साल म्हणायचं असतं. फ्रेमवर यूसीआयचं (जागतिक सायकल संघटनेचं) छोटं मान्यतेचं लेबल असेल तर ती २०११ किंवा त्यानंतरच्या नियमातली आहे. शिमानो या कंपनीच्या गिअर-ब्रेकच्या भागांवर दोन अक्षरांचा कोड कोरलेला असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'के' म्हणजे २०१२, 'एल' म्हणजे २०१३, असं पुढे 'आर' म्हणजे २०१९. दुसऱ्या जागी 'ए' म्हणजे जानेवारी, 'एफ' म्हणजे जून. क्रँक (पॅडल जोडलेली दांडी), ब्रेक आणि डिरेल्यर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) यांचे कोड जवळपासचे असतील तर सायकल बहुतेक मूळ रूपात आहे. एकच भाग बराच नवा निघाला तर तो का बदलला ते विचारा. पडल्यामुळे बदलला असेल तर फ्रेमची तीच बाजू दोनदा तपासायची.

हाच कोड आणखी एका कामाला येतो. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या आपल्या मालिकांच्या ११ स्पीड (मागे ११ गिअरच्या) क्रँकची तपासणी जाहीर केली. एफसी-६८००, एफसी-९०००, एफसी-आर८०००, एफसी-आर९१०० आणि एफसी-आर९१००-पी ही ती मॉडेलं, जुलै २०१९च्या आधी बनलेली. या क्रँकचे दोन अर्धे भाग चिकटवून जोडलेले असतात आणि तो जोड उघडू शकतो. पॅडलवर उभं राहिल्यावर क्रँक तुटली तर माणूस थेट रस्त्यावर पडतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. क्रँकची आतली बाजू पुसून, टॉर्च मारून, कडेच्या जोडरेषेवर नख फिरवा. फट लागली, पांढरं काही डोकावलं किंवा रंग उचललेला दिसला तर ती क्रँक वापरू नका. शिमानोच्याच १०५ या मालिकेची क्रँक या यादीत नाही.

गिअरबद्दल फार घोळ घालू नका. १० स्पीड १०५ (५७०० मालिका) किंवा ११ स्पीड १०५ (५८०० मालिका) असेल तर उत्तम. १० स्पीडच्या चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) अजून मिळतात. फक्त "नंतर ११ स्पीड करून घेऊ" असं मनात असेल तर आधीच ऐका: जुन्या १० स्पीडच्या चाकावर ११ स्पीडची रोड कॅसेट बसत नाही, कारण नवी कॅसेट १.८५ मिलिमीटरने रुंद आहे. म्हणजे शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर), डिरेल्यर आणि चाक, सगळाच खर्च आला.

सायकल पाहायला जाल तेव्हा

दिवसाउजेडी जा. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली कार्बन तपासता येत नाही, सायकल सोसायटीच्या आवारात उजेडात आणायला सांगा. सोबत टॉर्च, ॲलन कीचा संच, मोजपट्टी, दोन ओली-सुकी फडकी आणि एक नाणं ठेवा.

हात लावण्याआधी बोला. "दादा, कधी पडली होती का?" याला उत्तर 'नाही' असंच येतं. त्यापेक्षा "सीटपोस्ट शेवटचा कधी काढला होता?" हे विचारा. ज्याला याचं उत्तर येतं त्याने सायकल सांभाळलेली असते. कुठे ठेवायचात, हेही विचारा. समुद्राकडच्या ग्रिलमध्ये उभी असलेली सायकल, जिन्यात इतरांच्या स्कूटी टेकून उभी असलेली सायकल आणि घरात आत असलेली सायकल, या तीन वेगळ्या सायकली आहेत. "लॉकडाउनमध्ये घेतली, फक्त ट्रेनरवर (घरात एका जागी चालवायच्या स्टँडवर) चालवली" हे कौतुकाने सांगितलं जातं. किलोमीटर कमी असतील, पण घाम सगळा हेडसेटवर (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगवर), स्टेमच्या बोल्टवर आणि वरच्या नळीवर टपकलेला असतो. अशा सायकलचं हँडल जास्त काळजीने तपासा.

आता फ्रेम. पुसून घ्या आणि टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरून फिरवा, तिरप्या उजेडात फुगवटे आणि भेगा उठून दिसतात. खालच्या तिरप्या नळीची तळबाजू (तिथे खडी उडते), क्रँकच्या भोवतीचा भाग, चेनच्या बाजूची मागची आडवी नळी (चेन पडली की तिथे खरवडते), वरच्या नळीवर हँडल फिरून जिथे आपटतं ती जागा, सीटच्या क्लॅम्पखालची फट आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा खांदा, इतक्या जागा सोडू नका. कुठे चिकटपट्टी किंवा विचित्र जागी स्टिकर असेल तर काढून बघायची परवानगी मागा.

मग नाण्याने हलकेच ठोकत जा. चांगल्या कार्बनचा आवाज टणक आणि कोरडा येतो, थर सुटलेल्या जागी तो बसका होतो. नळीची जाडी बदलते तिथे आवाज आपोआपही बदलतो, म्हणून एकटा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. डावी-उजवी जोडी ठोकून तुलना करा. डावीकडची मागची नळी एक बोलते आणि उजवीकडची त्याच जागी वेगळंच, तर शंका घ्या. शंकेच्या जागी अंगठ्याने दाबून बघा, कार्बन दबता कामा नये. रंगाला गेलेली प्रत्येक रेघ म्हणजे भेग नव्हे, वरचं लॅकरही तडकतं. पण रेघ दाबल्यावर हलते, नख अडकतं किंवा तिच्यातून काळे धागे दिसतात, तर व्यवहार तिथेच थांबवा.

ब्रेक लिव्हरच्या कडा, सीटची बाजू, मागच्या डिरेल्यरचा बाहेरचा भाग आणि पॅडलची टोकं बघा. खरचटणं एकाच बाजूला असेल तर सायकल त्या बाजूला पडली होती.

त्यानंतर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची परीक्षा: सीटपोस्ट काढून बघणं. आधीच्या उंचीवर टेपने खूण करा, बोल्ट सैल करा, पोस्ट हळू पिळत वर ओढा. आला बाहेर, तर आतमध्ये टॉर्च मारा, नळीत पाणी, पांढरी भुकटी किंवा भेग आहे का बघा. पोस्ट हललाच नाही तर ती सायकल घेऊ नका. "मेकॅनिककडे निघेल" हे ऐकून पैसे देऊ नका. अडकलेला पोस्ट काढायला जोर लावला तर फ्रेम चिरते, आणि उष्णता दिली तर इपॉक्सी खराब होतं. पोस्ट कार्बनचा असेल तर चिकटण्याची भीती कमी, पण तो वर्षानुवर्षं न काढलेला असेल तर तोही बघायचाच.

बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट फिरवून पाहा. त्यांच्या मागची ॲल्युमिनियमची रिव्हेट गोल फिरत असेल किंवा भोवतीचा रंग फुगलेला असेल तर गंज आत सुरू झाला आहे. केबलच्या थांब्यांपाशी, मागचा डिरेल्यर बसतो त्या हँगरपाशी आणि क्रँकच्या कवचात ॲल्युमिनियमची नळी असेल तर तिच्या काठावर तेच शोधा. रंगाचे बारीक फोड हीच पहिली खूण.

फोर्कची स्टीअरर नळी (फ्रेममधून वर स्टेमपर्यंत जाणारी) स्टेम काढल्याशिवाय दिसत नाही, आणि कार्बनची असेल तर ती बघणं सोडायचं नाही. वरची टोपी आणि स्टेम काढून, फोर्क खाली उतरवून, स्टेम आवळला जातो त्या जागी आडवी रेघ किंवा चेपल्याची खूण आहे का पाहायचं. आत दाबून बसणारा एक्स्पांडर प्लग असला पाहिजे. आत ठोकून बसवलेला तारा-नट कार्बनमध्ये चालत नाही. हे काम स्वतः जमत नसेल तर विकणाऱ्याला सोबत घेऊन जवळच्या दुकानात जा आणि मजुरी तुम्ही द्या. ज्याला सायकल खरंच विकायची आहे तो येतो. फोर्क उतरवला की हेडसेटचं बेअरिंगही हातात येतं. आपल्याकडे खालचं बेअरिंग बहुतेक वेळा तांबारलेलं निघतं. त्याने घाबरू नका, मापं बेअरिंगवरच छापलेली असतात, नवं बसतं.

चाकं फिरवून रिम आउट आहे का बघा. ब्रेक घासतो ती रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर चाक बदलायला झालं. जुनी कार्बन रिम असेल तर मी ती बाजूला काढून ॲल्युमिनियमची लावीन. पावसात ती नीट थांबत नाही, आणि तिचं वयही समजत नाही. चेन मोजायची तर एका पिनच्या मध्यापासून बारा पूर्ण जोड्या मोजा. नव्या चेनीत ते अंतर ३०४.८ मिलिमीटर भरतं. दीड मिलिमीटर जास्त भरलं तर चेन बदलायची वेळ आली, तीन मिलिमीटर भरलं तर बहुतेक कॅसेटही गेली.

शेवटी एक चक्कर मारा. सगळे गिअर, पुढचा-मागचा ब्रेक, उभं राहून जोर. क्रँकमधून करकर आली तर ती दाबून बसवलेल्या बेअरिंगची असू शकते, ती दुरुस्त होते. गिअर अडखळत असतील तर हँडलच्या टेपखालून जाणाऱ्या केबलची टोकं शिफ्टरच्या आत उसवलेली असू शकतात. शिमानोच्या अशा जुन्या शिफ्टरमध्ये हे नेहमी होतं, आणि तार आत तुटली की तुकडे काढणं जिकिरीचं असतं.

भाव ठरवताना एकूण बजेटचा चौथा हिस्सा आधीच बाजूला ठेवा. चेन, केबल, टेप, टायर, बेअरिंग यांत तो जाणारच. क्रँकखालचा फ्रेम नंबर, तारीख, दोघांची नावं आणि सह्या असलेली पावती घ्या, मूळ बिल असेल तर त्याची प्रत घ्या. बिल नाही, नंबर खरवडलेला आणि भाव फारच कमी, अशी सायकल चोरीची असण्याची शक्यता आहे. सोडून द्या.

घरी आणल्यावर

पहिल्याच रविवारी फेरी मारायचा मोह होतो. आधी सायकल उघडा. हँडलची टेप सोडून काढा, कारण तिच्याखाली घाम मुरून ॲल्युमिनियमचं हँडल आतल्या आत पोखरलं जातं. खड्डे दिसले तर हँडल बदला. जुनं कार्बनचं हँडल आलं असेल आणि त्याचा इतिहास माहीत नसेल तर मी ते वापरणार नाही, साधं ॲल्युमिनियमचं लावीन.

एक छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) विकत घ्या. कार्बनवर अंदाजाने आवळणं हेच फ्रेम चिरण्याचं नेहमीचं कारण आहे. स्टेम आणि सीट क्लॅम्पवर मर्यादा छापलेली असते, बहुतेक ठिकाणी ती ५ न्यूटन मीटरच्या आसपास असते. छापलेला आकडा ओलांडू नका. सीटपोस्टला ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. पोस्टवरची कमीत कमी खोलीची खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. ग्रीस लागते ती बोल्टच्या आट्यांना.

रस्त्यावर

मुंबईत रोड बाइकची वेळ पहाटेची. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, बीकेसी, आरे, ठाण्याचं येऊर, नवी मुंबईत पाम बीच रोड, इथे साडेपाच-सहाला सायकलवाले दिसतातच. पहिले काही आठवडे त्यांच्यासोबत जा. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे इथे सायकल नेता येत नाही. लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे.

हवा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका. साधारण ७० किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० पीएसआयच्या आसपास पुरते, पावसात पाच-दहा कमी. पेव्हर ब्लॉकच्या कडा, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांब फट आणि गटाराच्या जाळीचे उभे गज, या तिन्हीत अरुंद टायर अडकतो, म्हणून शक्य तितकं काटकोनात ओलांडा. खड्डा टाळता येत नसेल तर सीटवरून थोडं उठा, कोपर सैल सोडा, ब्रेक सोडून द्या आणि चाक वरून जाऊ द्या. खड्ड्यात ब्रेक मारलेलं पुढचं चाक सगळा धक्का फोर्कला देतं.

पंक्चरवाल्याच्या भरवशावर निघू नका. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पंप अनेकदा बसत नाही. दोन ट्यूब, लिव्हर आणि छोटा पंप जवळ ठेवा, आणि ट्यूब बदलायचा सराव घरी करून घ्या. दिवे पुढे-मागे दोन्ही, हेल्मेट नेहमी.

पावसाळ्यात रिम ब्रेकला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं, मगच तो धरतो. म्हणून हलका ब्रेक आधीपासून लावत या. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पाट्यांवर वळू नका, ब्रेकही लावू नका.

घरी आल्यावर साध्या पाण्याने, बादली आणि फडक्याने धुवा. बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका. मग सीटपोस्ट काढा आणि सायकल थोडा वेळ उलटी धरा. अनेक जुन्या फ्रेमला पाणी जायला भोक नसतं, आत साचलेलं पाणी क्रँकच्या बेअरिंगपाशी बसून राहतं. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला, एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा करा, आणि दर वेळी पोस्टला नवी पेस्ट लावा. स्टँडवर किंवा गाडीच्या कॅरिअरवर नळीला धरून सायकल आवळू नका. सीटपोस्टला धरा, किंवा चाकं धरणारा कॅरिअर घ्या. टेम्पोतून पाठवायची असेल तर तिच्यावर काहीही ठेवू देऊ नका.

पडलात तर आधी स्वतःकडे बघा, मग सायकलकडे. त्या दिवशी ती चालवत घरी आणू नका, रिक्षा-टेम्पो करा. वर सांगितलेली सगळी तपासणी पुन्हा करा, फोर्क उतरवूनसुद्धा. नळीवरची भेग जाणकार कारागीर घासून, नवे थर देऊन चांगली दुरुस्त करतात. स्टीअरर नळीला भेग गेली असेल तर दुरुस्ती नको, फोर्कच बदला. नवा घेताना स्टीअररचा वरचा आणि खालचा व्यास, दोन्ही मोजून जा. बऱ्याच फ्रेममध्ये वर सव्वा इंचाच्या आतली आणि खाली दीड इंचाची अशी निमुळती नळी असते, आणि सरळ नळीचा फोर्क तिथे तसाच बसत नाही.